सूर्याचा ताप मोजणारे नानाभॉय

२२ जुलै २०२१ ची पहाट चिपळूणची कुठलीच बाई विसरणार नाही. वाशिष्ठी घरात शिरली तेव्हा हातात सापडलं ते उचललं. तांदळाचा डबा, मुलांची दप्तरं, देव्हाऱ्यातले देव. बाकी सगळं पाण्यात. पुढे कितीतरी दिवस चिखल काढताना प्रत्येकीच्या तोंडी एकच वाक्य होतं, दोन तास आधी कळलं असतं तर! दोन तासांत माळा भरता येतो, सासूबाईंना वरच्या मजल्यावर नेता येतं, औषधं पिशवीत घालता येतात. पूर थांबवता येत नाही, पण तो वाटेत असताना कळला तर घर वाचतं.

मैत्रिणींनो, असाच एक पूर सूर्यावरूनही येतो. तो पाण्याचा नसतो, तापलेल्या, विजेने भारलेल्या वायूचा असतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की अब्जावधी टन वायूचा लोंढा सुटतो आणि पृथ्वीच्या वाटेवर असला तर एक ते तीन दिवसांत आपल्यापर्यंत येतो. आपल्याला भिजवत नाही, भाजतही नाही. पण उपग्रह, विजेच्या लांबलचक तारा, जहाजांचं आणि विमानांचं दिशादर्शन या सगळ्यांना त्याचा तडाखा बसू शकतो. असा लोंढा नेमका कसा येतो, किती चढतो, किती वेळात ओसरतो याचं पहिलं नीट चित्र मांडणाऱ्यांत आपल्या मुंबईचा एक पारशी गृहस्थ होता. नाव नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. आजची गोष्ट त्यांची.

नानाभॉय जन्मले २९ ऑक्टोबर १८५९ ला. हे साल लक्षात ठेवा, कारण त्यांच्या जन्माच्या आठच आठवडे आधी एक विलक्षण गोष्ट घडली होती. १ सप्टेंबरला सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा खगोलशास्त्रज्ञ सूर्यावरचे डाग कागदावर उतरवत बसला होता. अचानक त्या डागांमध्ये डोळे दिपवणारा प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत नाहीसा झाला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवरची चुंबकं वेड्यासारखी हलू लागली. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी तारमास्तरांना शॉक बसले. ध्रुवांजवळ दिसणारा रंगीत प्रकाश पार उष्ण प्रदेशाजवळच्या आकाशातही दिसला. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब. म्हणजे तो लोंढा सेकंदाला दोन हजारांहून जास्त किलोमीटर धावत आला होता!

बऱ्याच ठिकाणच्या उपकरणांच्या मोजपट्ट्या त्या दिवशी अपुऱ्या पडल्या, रेघ कागदाबाहेर गेली. पण मुंबईत कुलाब्याला (अलिबागचा कुलाबा किल्ला नव्हे हं, मुंबईचं कुलाबा) सरकारी वेधशाळा होती. ती १८२६ मध्ये उभी राहिली आणि १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. आपल्या अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे पुण्यात लोकमान्य टिळकांना गणित शिकवणारे केरूनाना, यांनीही तरुणपणी तिथे नोकरी केली होती. तिथली माणसं ठरल्या वेळी उठून, दिव्याच्या उजेडात, चुंबकाची स्थिती वहीत लिहीत. त्या सप्टेंबरातही त्यांनी ती लिहिली. वादळ चढलं तसे आकडे घाईघाईने, थोड्या थोड्या मिनिटांनी लिहिले आणि वही मिटून ठेवली. आपण जगातली किती मोलाची नोंद केली आहे, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

नानाभॉय शिकले एल्फिन्स्टनमध्ये, मग पुण्याला इंजिनिअरिंग केलं आणि पुढे शिक्षणासाठी थेट स्कॉटलंडात एडिंबरोला गेले. त्यांच्या लहानपणी सूर्याने मुंबईला आणखी एक दर्शन दिलं होतं. ४ फेब्रुवारी १८७२ ला असंच मोठं वादळ आलं आणि चक्क मुंबईच्या आकाशात तो ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबई ते एडन समुद्राखालून जाणाऱ्या तारेवरचे निरोप काही तास बिघडले. तेव्हा नानाभॉय बारा वर्षांचे होते.

परत आल्यावर त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं. मग १८९६ साल उजाडलं. कुलाबा वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स वारले आणि ती जागा नानाभॉय यांच्याकडे आली. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीवर कायमचे बसलेले ते पहिले भारतीय. आज आपल्याला याचं फारसं काही वाटणार नाही, पण तो काळ आठवा. वरच्या सगळ्या जागा साहेबांच्या. हिंदी माणसाने आकडे लिहायचे, अर्थ साहेबाने लावायचा. अशा वेळी सगळ्यांचे डोळे या नव्या माणसावर असणार, कधी चुकतो ते बघायला!

त्यात त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. आपल्या आजी-पणजींनी त्या दिवसांच्या गोष्टी सांगितल्या असतील. अर्धी मुंबई बोटीने, पायी, मिळेल त्या वाटेने कोकणात आणि घाटावर पळाली. बाजार ओस, गिरण्या थंड. वेधशाळेची वही मात्र लिहिली जात राहिली.

आता ही वही म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. एक छोटं चुंबक बारीक धाग्याने टांगायचं. त्याला नखाएवढा आरसा चिकटवायचा. आरशावर दिव्याची तिरीप पाडायची. चुंबक केसभर हललं तरी आरशातून परतलेली तिरीप समोर चांगली बोटभर सरकते. समोर घड्याळाच्या यंत्राने फिरणारा, फोटोचा कागद गुंडाळलेला डबा. तिरीप कागदावर रेघ ओढत जाते. दिवसभराची एक रेघ, वर्षाच्या ३६५ रेघा. रोज कागद बदलायचा, धुवायचा, वाळवायचा, तासातासाचे आकडे काढायचे आणि बेरजा करायच्या. रविवार नाही, दिवाळी नाही. घरातलं काम जसं असतं अगदी तसं. केलं तर कुणाला दिसत नाही, एक दिवस राहिलं तर लगेच दिसतं!

बहुतेक दिवशी रेघ शांत असते. सकाळी थोडी वर, दुपारनंतर खाली. पण मधूनच एखाद्या दिवशी ती उसळते. या उसळीलाच चुंबकीय वादळ म्हणतात. ही वादळं येतात कुठून? सूर्यावर डाग वाढले की वादळंही वाढतात, एवढं लोकांच्या लक्षात आलं होतं. पण १८९२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांच्यासारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीत स्पष्ट मत मांडलं, की सूर्यामुळे पृथ्वीवर अशी वादळं होणं शक्य नाही, हा निव्वळ योगायोग आहे. एवढ्या मोठ्या माणसापुढे बोलायचं कुणी?

बोलले ते आकडे. इथे एका बाईची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. अ‍ॅनी माँडर ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीचं काम करायची. १८९५ मध्ये लग्न झालं आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे तिला नोकरी सोडावी लागली. पण आकाश तिने सोडलं नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला ती नवऱ्याबरोबर आपल्या विदर्भात तळणीला आली. सूर्यापासून दूरवर गेलेल्या झोताचा तिने इथे फोटो काढला. तोवर कुणी टिपलेल्यांत तो सर्वांत लांब होता. त्याच ग्रहणासाठी आपल्या विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी उतरली होती. पुढे १९०४ मध्ये तिच्या नवऱ्याने, एडवर्ड माँडर यांनी दाखवून दिलं, की बरीच वादळं साधारण २७ दिवसांनी परत येतात. सूर्याला आपल्या बाजूने एक फेरा पूर्ण करायला लागतात तेवढेच दिवस! म्हणजे वादळांची जागा सूर्यावरच.

इकडे नानाभॉय यांच्यापुढे वेगळंच संकट उभं राहिलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, असं ठरत होतं. लोक खूश होते. घोड्यांच्या ट्राम जाऊन नव्या झगमगीत गाड्या येणार! पण ट्रामची वीज रुळांतून जमिनीत झिरपते आणि तिच्यामुळे आसपासची चुंबकं हलतात. सूर्याकडून आलेला धक्का कुठला आणि फोर्टातून निघालेली ट्राम कुठली, हे मग ओळखायचं कसं? साठ वर्षं जपलेली वही एका फटक्यात निरुपयोगी होणार होती. ३१ ऑक्टोबर १९०३ ला एक मोठं सौर वादळ आलं, ते कुलाब्याच्या उपकरणांनी छान टिपलं. चार वर्षांनी आलं असतं तर त्यात ट्रामचा सगळा गोंधळ मिसळला असता.

ट्राम अडवणं शक्य नव्हतं आणि ते बरोबरही नव्हतं. शहराला ट्राम हवीच होती. मग उपकरणं हलवायची. पण कुठे? फार लांब नेली तर तिथल्या जमिनीचं चुंबकत्व वेगळं, हवामान वेगळं, जुन्या आकड्यांशी मेळ बसणार नाही. फार जवळ ठेवली तर ट्राम पिच्छा सोडणार नाही. शेवटी जागा ठरली ती मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवरचं अलिबाग. तेव्हा अलिबागला वीज नव्हती, आगगाडी नव्हती. ज्याला आपण गैरसोय म्हणतो, तीच इथे सोय ठरली.

तिथे जी इमारत बांधली, ती एखाद्या कडक सोवळ्याच्या घरासारखी होती. लोखंडाला मज्जाव! दगड आणला तो पोरबंदरचा, तोही चुंबकत्व नाही ना हे तपासून. खिळे, बिजागऱ्या, कड्या साऱ्या तांब्या-पितळेच्या. आतलं तापमान बदलू नये म्हणून दुहेरी भिंती. अशा खोलीत किल्ल्यांचा जुडगा किंवा केसातला आकडासुद्धा घेऊन जाता येत नाही, सुई लगेच चाडी सांगते.

पण मला नानाभॉय यांचं खरं मोठेपण दिसतं ते पुढच्या गोष्टीत. १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. नवं घर तयार, मग जुनं बंद करायचं ना? त्यांनी तसं केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडची उपकरणं एकाच वेळी चालू ठेवली. कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा, रोज शेजारीशेजारी. दुप्पट काम, दुप्पट कागद, दुप्पट बेरजा. कशासाठी? तर दोन्हींतला फरक नक्की कळावा आणि जुन्या वहीला नवी वही बिनजोड शिवता यावी म्हणून. विरजणाचं बघा ना. कालच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढलं, तरच उद्याचं दही लागतं. एक दिवस चुकलो तर शेजारणीकडे मागायला जायचं. पण अशा वहीत खंड पडला तर मागायला जायचं कुणाकडे? गेलेला दिवस जगात कुठेच मिळत नाही.

७ मे १९०७ ला मुंबईत पहिली विजेची ट्राम धावली. तोवर नाजूक चुंबकं अलिबागच्या समुद्राजवळ सुखरूप पोचली होती.

आता हातात साठ वर्षांचे आकडे होते, १८४६ पासून १९०५ पर्यंतचे. नानाभॉय यांनी ते सगळे पुन्हा तपासले, लावले आणि १९१० मध्ये दोन जाडजूड भागांत प्रसिद्ध केले. त्यात नुसते आकडे नव्हते, त्यांचा अर्थही होता. प्रत्येक वादळ वेगळं दिसतं, कुणी सकाळी येतं, कुणी मध्यरात्री. त्यांनी काय केलं, तर वादळ ज्या तासाला सुरू झालं तो शून्य धरला आणि अनेक वादळं एकावर एक ठेवून सरासरी काढली. दवाखान्यात खाटेला तापाचा तक्ता लावलेला असतो, तो आठवा. एका पेशंटच्या तक्त्यावरून आजार कळत नाही, पण पन्नास तक्ते शेजारी ठेवले की अनुभवी नर्सला तापाची चाल कळते. तसंच हे.

आणि चाल दिसली! आधी चुंबकाचा जोर जरासा, एकदम वर उडी घेतो. मग काही तासांत खोल घसरतो. आणि मग दोन-तीन दिवस घेत हळूहळू मूळपदावर येतो. आज आपल्याला त्याचं कारण माहीत आहे. सूर्याचा लोंढा येऊन आदळतो, पृथ्वीभोवतीचं चुंबकीय कवच दाबलं जातं, ती पहिली उडी. मग पृथ्वीभोवती विजेचा प्रचंड कडबोळ्यासारखा प्रवाह फिरू लागतो आणि जोर घसरतो. प्रवाह विरत जातो तसा उतार. आपल्या पुरासारखंच, चढायला तास आणि ओसरायला दिवस. नानाभॉय यांच्या काळी यातलं काहीच माहीत नव्हतं. अवकाशात काय आहे तेच कुणी जाणत नव्हतं. पण चित्र त्यांनी बरोबर काढून ठेवलं. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी या कामाचा आधार घेतला आणि आजही चुंबकीय वादळांच्या अभ्यासात मूस हे नाव येतं.

त्यांनी भूकंपांकडेही लक्ष दिलं, कुलाब्याला भूकंपमापक बसला तो त्यांच्याच कारकिर्दीत. दोन दशकांहून अधिक काळ वेधशाळा सांभाळून ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले. आयुष्यात नाट्य म्हणावं असं काही नाही. ना तुरुंगवास, ना सभा, ना मिरवणूक. म्हणूनच कदाचित त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात सापडत नाही.

पण वहीची गोष्ट इथे संपत नाही. २००३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर कुलाब्याचे १८५९ चे आकडे पुन्हा अभ्यासले होते. त्या दिवशी मुंबईत चुंबकाचा जोर सुमारे १६०० एककांनी घसरला होता. एरवी दिवसभरातला चढउतार असतो काही दहा एककांचा! त्या महावादळाचा आकार किती होता, हे जगाला सांगणाऱ्या मोजक्या नोंदींत मुंबईची ही नोंद मोलाची ठरली. १४४ वर्षांपूर्वी कुणीतरी आकडा लिहिला होता, तो असा कामी आला.

याचा आपल्याला काय उपयोग? मार्च १९८९ मध्ये असंच वादळ आलं तेव्हा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज गेली, ती नऊ तास. तीही तिथल्या बर्फाळ थंडीत. आपल्याकडे आता गॅसच्या नोंदणीपासून बोटीच्या जीपीएसपर्यंत सगळं यंत्रांवर आणि उपग्रहांवर. म्हणून आता वाट पाहत बसायचं नाही, लोंढा वाटेत असतानाच गाठायचा, असा प्रयत्न आहे.

तो कसा गाठतात? काही याने सूर्याचं तेजस्वी बिंब झाकून भोवतीचा वायू बघतात, उद्रेक झाला की लगेच दिसतो. दुसरी पद्धत फार सुंदर आहे. रात्री चुलीवरच्या गरम हवेतून पलीकडचा दिवा थरथरताना दिसतो ना? तसे दूरच्या आकाशातून येणारे रेडिओ लहरींचे झोत सूर्याच्या वायूतून येताना थरथरतात. लोंढा आला की थरथर वाढते. वेगवेगळ्या दिशांची थरथर मोजली, की लोंढा कुठवर आला ते कळतं. उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण आहे, मुंबईच्या टाटा संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. तिने हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. आणि तिसरा पहारेकरी म्हणजे आपलं आदित्य यान. ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आहे. वरच्या अंगाला नदीकाठी माणूस उभा करावा तसं. लोंढा आधी त्याला भिजवतो, मग तासाभराच्या आत-बाहेर आपल्याला. आदित्य निघालं २ सप्टेंबर २०२३ ला. योगायोग बघा, १८५९ मधलं ते महावादळ पृथ्वीवर आदळलं ती हीच तारीख.

१० मे २०२४ च्या रात्री गेल्या वीस वर्षांतलं मोठं सौर वादळ आलं. लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं. चिपळुणात आपण पंखे लावून झोपलो होतो, कुणाला पत्ताही नाही. पण तेव्हाही अलिबागच्या त्या लोखंड नसलेल्या खोलीत चुंबकाने आधी छोटी उडी घेतली, मग खोल घसरण आणि मग सावकाश उतार. नानाभॉय यांनी सांगितली होती, तीच चाल.

पुढच्या वेळी मुंबईला जाताना वडखळला अलिबागचा फाटा दिसेल. तेव्हा मुलांना सांगा, या रस्त्याच्या टोकाला, समुद्राजवळ, सूर्याच्या वादळांची वही आहे. कुलाब्याला ती सुरू झाली, अलिबागला ती अजून लिहिली जाते, आणि मधला एकही दिवस हरवू नये म्हणून एका माणसाने दोन वर्षं दोन्ही घरं सांभाळली होती.